विश्लेषण : कपाटातला मुदतबाह्य कलर रोल वापरता येतो का?

दिवाळीची आवराआवर करताना माळ्यावरच्या डब्यातून एखादा ‘छत्तीसचा’ रोल निघतो, खोक्यावर मुदत २००४ ची. डिजिटल कॅमेरे आले तेव्हा उरलेले रोल अनेकांनी फेकले नाहीत. आता फिल्म कॅमेऱ्यांची हौस परतली आहे, नवा रोल महाग आहे आणि ऑनलाइन बाजारात मुदतबाह्य रोलही विकले जातात. त्यातून ‘विंटेज रंग’ हमखास मिळतात, असे विक्रेते सांगतात. प्रत्यक्षात काय मिळेल, हे तारखेपेक्षा तो रोल इतकी वर्षे कुठे पडून होता यावर ठरते.

मुदत संपल्यावर फिल्मचे काय होते?

खोक्यावरची तारीख म्हणजे एक मर्यादित हमी. योग्य तापमानात ठेवल्यास तोवर फिल्मचा वेग आणि रंग ठरल्याप्रमाणे मिळतील, एवढेच ती सांगते. कोडॅकची शिफारस २१ अंश सेल्सियस किंवा त्याखालची आहे. नागपूरच्या मे महिन्यातला माळा किंवा कोकणातला पावसाळा या हिशेबात बसत नाही.

कलर निगेटिव्हमध्ये जिलेटिनचे मुख्य तीन थर असतात. एक निळ्या, एक हिरव्या आणि एक तांबड्या प्रकाशाला प्रतिसाद देतो. त्यातले सिल्व्हर हॅलाइडचे काही कण उष्णतेने आणि नैसर्गिक किरणोत्सर्गाने प्रकाश न पडताही ‘पडल्यासारखे’ वागू लागतात. रोल धुतला की तेही रंग धरतात आणि सगळ्या फिल्मवर धुरकट लेप चढतो. त्याला ‘फॉग’ म्हणतात. शिवाय वेग घटतो. तिन्ही थर सारख्या गतीने म्हातारे होत नाहीत, ही खरी अडचण. त्यामुळे सावल्या हिरवट किंवा जांभळट होतात आणि उजेडाचा भाग वेगळ्याच छटेत जातो. संगणकावर एक सुधारले की दुसरे बिघडते. दमट जागी बुरशी लागली असेल तर ती जिलेटिनच खाते, त्यावर उपाय नाही.

मग जास्त प्रकाश का द्यायचा?

छायाचित्रकारांचा ठोकताळा असा, की दर दहा वर्षांना एक ‘स्टॉप’, म्हणजे दुप्पट प्रकाश द्यावा. ४०० आयएसओचा वीस वर्षे जुना रोल १०० चा समजून वापरायचा. याने फॉग पुसला जात नाही. प्रतिमा त्या लेपाच्या वर उचलली जाते, इतकेच. निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बराच सहन करते म्हणून हे जमते. स्लाइड फिल्म तो सहन करत नाही. तिथे उजेडाचा भाग कोरा पडतो आणि फॉगमुळे काळा रंगही फिका होतो. लॅबला रोल जास्त वेळ धुवायला सांगून उपयोग नाही, कारण प्रतिमेबरोबर फॉगही वाढतो.

कॅमेराही पाहावा लागतो. अनेक स्वयंचलित कॅमेरे डबीवरचा कोड वाचून वेग स्वतःच ठरवतात. ‘हॉटशॉट’सारख्या साध्या कॅमेऱ्यात तर काहीच बदलता येत नाही, तिथे भर उन्हात फोटो काढणे एवढाच मार्ग.

एकाच ठिकाणी ठेवलेले चार-पाच रोल हाती असतील तर एक बळी द्यावा. एकच दृश्य ४००, २००, १०० आणि ५० वर टिपून पाहावे. हा पुरावा कुठल्याही ठोकताळ्यापेक्षा भरवशाचा. एकच रोल असेल तर तो निदान लग्नात वापरू नये.

फ्रीजमधला रोल?

तो बराच ताजा राहतो. त्याला दशकाचा नियम सरसकट लावला तर गरजेपेक्षा जास्त प्रकाश दिला जाईल. मात्र थंडी किरणोत्सर्ग अडवत नाही, त्यामुळे ८०० किंवा १६०० आयएसओचे वेगवान रोल फ्रीजमध्येही लवकर उतरतात. बाहेर काढल्यावर काही तास तसाच ठेवून मग डबी उघडावी, नाहीतर फिल्मवर दव धरते.

आणि रोल आधीच वापरलेला असेल तर?

हा प्रश्न जास्त जिव्हाळ्याचा. त्यात आजोबा असू शकतात, मोडलेला जुना वाडा असू शकतो. इथे प्रकाश वाढवण्याची संधी गेलेली असते. न धुतलेली सुप्त प्रतिमा दरवर्षी विरत जाते, म्हणून रोल लवकर धुणे हाच उपाय. स्वीडिश संशोधक आंद्रे याच्या १८९७ च्या बलून मोहिमेतील फिल्म १९३० मध्ये आर्क्टिकच्या क्वितोया बेटावर सापडली आणि तिच्यातून ९३ छायाचित्रे वाचली. पण ती कृष्णधवल होती आणि बर्फात होती. आपल्याकडच्या कपाटातून इतकी अपेक्षा नको.

लॅबला देण्यापूर्वी डबीवर कोणती प्रक्रिया छापली आहे ते वाचावे. ‘सी-४१’ असेल तर रोल आजही सहज धुऊन मिळतो. ही प्रक्रिया १९७२ मध्ये आली. त्याआधीच्या ‘सी-२२’ रोलला लॅबच्या नेहमीच्या ३७.८ अंशांच्या गरम रसायनात टाकले तर त्याचा थर सुटू शकतो. डबीवर ‘कोडॅक्रोम’ असेल तर रंगांची आशा सोडावी. अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या शेवटच्या लॅबने डिसेंबर २०१० मध्ये ते रोल घेणे थांबवले. आता त्यातून निघालीच तर कृष्णधवल प्रतिमा निघते.