ताणलेल्या डोळ्याचे विरळ पटल

चष्म्याने बारीक अक्षरही स्वच्छ दिसत असता, उणे सहाहून अधिक नंबर असलेल्या माणसाच्या डोळ्यांत थेंब घालून, बाहुली रुंदावून नेत्रवैद्य आतला पडदा का न्याहाळतात, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. प्रौढाचा डोळा मागेपुढे सुमारे २४ मिलिमीटर असतो; तीव्र ऱ्हस्वदृष्टीत तो २६ किंवा अधिक लांबतो, परंतु दृष्टिपटलाचे द्रव्य त्या मानाने वाढत नसल्याने, तेवढ्याच कणकेची पोळी मोठी लाटावी तसे, मुळातच पाव मिलिमीटरच्या आसपास जाड असलेले ते पटल, विशेषतः कडेला, विरळ होते. डोळ्यातला पारदर्शक गर वयपरत्वे आकसताना अशा जागी चिकटलेला असेल, तर तिला ओढतो. छिद्र पडते, त्यातून पाणी मागे झिरपते आणि पटल सुटते. या व्याधीचे मूळ छिद्रातच आहे, हे लोझानच्या ज्यूल गोनँ यांनी १९२० नंतरच्या दशकात सिद्ध करीपर्यंत ती जवळजवळ असाध्यच होती.

शस्त्रक्रियेने नंबर गेला तरी डोळ्याची लांबी जात नाही, ही गोष्ट अशा प्रत्येकाने पक्की ध्यानी ठेवावी, असे मला कळकळीने वाटते. एकाएकी प्रकाशाच्या चमका, काळ्या ठिपक्यांचा वर्षाव किंवा कडेने सरकणारी सावली दिसल्यास दिरंगाई न करता त्याच दिवशी डोळे तपासून घ्यावेत. पटल सुटण्यापूर्वी छिद्राभोवती लेसरचे डाग दिले, तर ते बहुधा जागीच राहते.