खाडा नसलेली खाणावळ
(सुट्टीतील जेवणाचे आरक्षण आणि आगाऊ भरलेली कूपने)



उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली की वर्ग सुटल्यावर बाहेर पालकांच्या घोळक्यात दोनच विषय असतात. एक, भारताची तिकिटे. दुसरा, भारताखेरीज यंदा आणखी कुठे? मोठा बेत करणारी काही कुटुंबे अमेरिकेत फ्लोरिडा राज्यातील ऑर्लँडोला, म्हणजे वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जातात. विमान आणि हॉटेल ठरले की एक प्रश्न हमखास येतो : "जेवणाचे पैसे आधीच भरून टाकावेत का?" या प्रश्नाचे उत्तर 'हो' किंवा 'नाही' असे एका शब्दात देता येत नाही. मात्र ते गणिताने काढता येते. आम्ही व्यवसायाने संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणारे, त्यामुळे येथे ते पायरीपायरीने मांडत आहोत.

जागा केवढी आहे?

डिस्ने वर्ल्ड १ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झाले. आज तेथे चार मोठी उद्याने आहेत : मॅजिक किंगडम (१९७१), एपकॉट (१९८२), हॉलिवूड स्टुडिओज (१९८९) आणि अॅनिमल किंगडम (१९९८). सगळी जागा सुमारे १०० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या बहरीनचा जवळजवळ आठवा हिस्सा! त्यामुळे "भूक लागली की समोर दिसेल तिथे जेवू" हा आपला नेहमीचा खाक्या तेथे चालत नाही. एका उद्यानातून दुसऱ्या उद्यानातील टेबलापर्यंत पोचायला बस धरावी लागते आणि त्यात सहज तास जातो.

कूपन म्हणजे काय?

पुण्यामुंबईत शिकलेल्या पालकांना खाणावळ आठवत असेल. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, दोन वेळचे ताट, रविवारी दुपारी फीस्ट आणि रात्री सुट्टी. गावाला जायचे असेल तर आदल्या दिवशी सांगायचे, म्हणजे तेवढ्या जेवणांचा 'खाडा' धरला जायचा आणि ते पैसे वळते व्हायचे.

डिस्नेची आगाऊ भोजन योजना हीसुद्धा एक खाणावळच आहे. ती २००५ साली सुरू झाली, २०२० मध्ये बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून पुन्हा चालू झाली. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांनाच ती घेता येते. तिचे दोन प्रकार आहेत :

१) काउंटरची योजना : प्रत्येक रात्रीमागे माणशी दोन काउंटरवरची जेवणे आणि एक खाऊ.
२) टेबलाची योजना : प्रत्येक रात्रीमागे माणशी एक टेबलावर बसून घ्यायचे जेवण, एक काउंटरवरचे जेवण आणि एक खाऊ.

दोन्हींत पेयासाठी एक मग मिळतो, तो हॉटेलात पुन्हा पुन्हा भरून घेता येतो.

आता नीट लक्ष द्या. हिशेब रात्रींचा असतो, दिवसांचा नाही. सहा रात्री राहिलात तर सात दिवस होतात, पण कूपने सहाच दिवसांची. ती मुक्कामात कोणत्याही दिवशी वापरता येतात, पण हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री बारा वाजता उरलेली सगळी रद्द होतात. येथे खाडा नाही! पोट बिघडले, पाऊस आला, मूल झोपून गेले, तरी पैसे परत नाहीत.

कूपन वेगळे, जागा वेगळी

नव्या मंडळींचा सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. जेवणाचे पैसे भरले म्हणजे टेबल मिळाले असे नव्हे. मंडळाच्या महाप्रसादाचे कूपन खिशात असले तरी पहिल्या पंगतीत जागा धरावीच लागते, तसेच हे. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर या दोन वेगळ्या वह्या आहेत. एकीत पैसे लिहिलेले, दुसरीत जागा. एका वहीत नोंद झाली म्हणून दुसरीत आपोआप होत नाही.

जागेच्या वहीचे नियम असे :

• टेबल ६० दिवस आधी धरता येते. डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना मुक्कामाच्या पहिल्या दिवसाच्या ६० दिवस आधी पुढच्या दहा दिवसांपर्यंतची सगळी टेबले एकदम धरता येतात. हा फायदा मोठा आहे.
• टेबल धरण्यासाठी क्रेडिट कार्ड लागते. जायचे नसेल तर दोन तास आधी रद्द करावे, नाहीतर माणशी १० डॉलर दंड. पाच जणांचे ५० डॉलर, म्हणजे जवळपास १९ दिनार.
• काही खास ठिकाणी एका जेवणाला माणशी दोन कूपने जातात. मॅजिक किंगडममधील किल्ल्यातले सिंड्रेलाचे उपाहारगृह हे त्याचे उदाहरण.

घड्याळाचे गणित

आरक्षण उघडते ते फ्लोरिडाच्या घड्याळाने सकाळी सहा वाजता. बहरीनमध्ये तेव्हा किती वाजलेले असतात?

आपण वर्षभर घड्याळ बदलत नाही. फ्लोरिडात मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे नेतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे आणतात. म्हणून उन्हाळ्यात आपण त्यांच्या ७ तास पुढे असतो आणि हिवाळ्यात ८ तास. तेथे सकाळी सहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारी एक आणि हिवाळ्यात दुपारी दोन.

हा फरक प्रवासाच्या तारखेवर नव्हे, तर आरक्षणाच्या तारखेवर ठरतो. २४ डिसेंबरला पोचणाऱ्यांचे आरक्षण २५ ऑक्टोबरला उघडते. तेव्हा तेथे अजून उन्हाळ्याचेच घड्याळ चालू असते, म्हणून आपली वेळ दुपारी एक. २० जानेवारीला पोचणाऱ्यांचे उघडते २१ नोव्हेंबरला, म्हणून त्यांची वेळ दुपारी दोन. गाजलेली ठिकाणे लवकर भरतात, त्यामुळे एक तासाचा फरक महाग पडतो. कचेरीत त्या दिवशी जेवणाची सुट्टी याच वेळेला मागून घ्यावी!

याच घड्याळाचा दुसरा परिणाम पोटावर होतो. पहिल्या संध्याकाळी तेथे सात वाजतात तेव्हा आपल्या शरीराचे घड्याळ रात्रीचे दोन दाखवत असते. मुले ताटावर डोके ठेवून झोपतात. म्हणून पहिल्या दोन रात्री महागडे टेबल धरू नये. उलट मुले पहाटे चारला टक्क जागी होतात, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत भरपेट नाश्ता ठेवावा. उन्हाळ्यात तेथे दुपारनंतर गडगडाटासह पाऊस येतो. तीनच्या सुमारास उशिराचे जेवण धरले तर छप्पर, गारवा आणि विश्रांती तिन्ही गोष्टी मिळतात.

आता पैशांचे गणित

समजा एक कुटुंब सहा रात्रींसाठी गेले : आई, बाबा, आजी, ११ वर्षांची ताई आणि ७ वर्षांचा धाकटा. आजी शुद्ध शाकाहारी.

योजनेत ३ ते ९ वर्षांचे ते मूल. दहा पूर्ण झाले की प्रौढ. तीन वर्षांखालच्या बाळाला योजना लागत नाही, ते मोठ्यांच्या ताटातले खाते. म्हणजे आपली ताई येथे 'प्रौढ' ठरली! शिवाय एका खोलीच्या आरक्षणातील तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी एकच योजना घ्यावी लागते. फक्त धाकट्यासाठी घेऊ म्हटले तर चालत नाही.

२०२४ चे दर पूर्णांकात असे होते : टेबलाची योजना रात्रीमागे प्रौढाला सुमारे ९४ डॉलर, मुलाला ३०. काउंटरची योजना प्रौढाला ५७, मुलाला २४. दिनार डॉलरला बांधलेला असल्याने (१ डॉलर = ०.३७६ दिनार) हिशेब सोपा आहे.

टेबलाची योजना : (४ × ९४) + ३० = ४०६ डॉलर रोज. सहा रात्रींचे २,४३६ डॉलर, म्हणजे सुमारे ९१६ दिनार.
काउंटरची योजना : (४ × ५७) + २४ = २५२ डॉलर रोज. सहा रात्रींचे १,५१२ डॉलर, म्हणजे सुमारे ५६९ दिनार.

आता रोख पैसे देऊन जेवलो तर? गणितापुरते मानू की काउंटरवरचे शाकाहारी जेवण १५ डॉलर, पेय ५ आणि खाऊ ७. दोन जेवणे, दोन पेये, एक खाऊ : ४७ डॉलर. ६.५ टक्के विक्रीकर धरून ५०. योजनेचे ५७. आणि पेयाऐवजी पाणी प्यायलो (काउंटरवर मागितले तर साध्या पाण्याचा पेला फुकट मिळतो) तर खर्च ३९ वर येतो. प्रौढामागे रोज १८ डॉलरचा फरक. चार प्रौढ, सहा रात्री : ४३२ डॉलर, म्हणजे १६२ दिनार. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या भारतवारीची सगळी खरेदी एवढ्यात होईल.

दुसरी बाजूही पाहू. मिकी आणि त्याची मित्रमंडळी टेबलापाशी येऊन भेटतात अशी बुफे जेवणे असतात. त्यांत रात्रीचा प्रौढाचा दर ६० डॉलरच्या पुढे आणि मुलाचा दर ३० च्या पुढे जातो. म्हणजे धाकट्याच्या दिवसभराच्या योजनेपेक्षा त्याचे एक बुफे जेवणच महाग! ज्या घरी नऊ वर्षांखालची दोन-तीन मुले आहेत आणि रोज अशा जेवणाला जायचेच आहे, त्यांना टेबलाची योजना परवडते. मोठी मुले आणि कमी जेवणारे आजीआजोबा असतील तर बहुधा नाही.

टीपही विसरू नये. टेबलावरच्या जेवणाला १८ ते २० टक्के टीप देण्याची तेथे रीत आहे आणि ती योजनेत धरलेली नाही. सहा किंवा अधिक जण असतील तर १८ टक्के बिलातच लावतात. ३०० डॉलरच्या बिलावर हे ५४ डॉलर, म्हणजे २० दिनार होतात.

दर वर्षागणिक बदलतात, मुलांसाठी कधी सवलतीही निघतात. म्हणून आमचे आकडे पाठ करू नका, रीत लक्षात ठेवा आणि त्या वर्षीचे आकडे घाला. डिस्नेच्या प्रत्येक उपाहारगृहाचे पदार्थ आणि किमती त्यांच्या संकेतस्थळावर असतात.

आजीचे काय?

सगळ्या हिशेबात खरा प्रश्न हाच आहे. ९४ डॉलर भरायचे आणि आजीने पाव आणि सॅलडवर दिवस काढायचा, हे कोणत्याही गणितात बसत नाही. आणि आजी उपाशी असेल तर घरातल्या कोणाच्याच घशाखाली घास उतरत नाही.

मांस, दूध, अंडी न घातलेल्या पदार्थांपुढे तेथे २०१९ पासून हिरव्या पानाची खूण असते. आरक्षण करतानाच आहाराची नोंद करावी आणि टेबलावर पुन्हा विचारावे : सूप मांसाच्या पाण्यात केले आहे का? बटाटे आणि मासे एकाच तेलात तळता का? 'शाकाहारी' एवढ्यावर न थांबता काय चालत नाही ते नावे घेऊन सांगावे.

अॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलात 'सना' नावाचे उपाहारगृह आहे. तेथे आफ्रिकी आणि भारतीय धाटणीचे जेवण, नान आणि तऱ्हेतऱ्हेच्या चटण्या मिळतात. खिडकीबाहेर जिराफ आणि झेब्रे चरत असतात! मात्र ते उद्यानाच्या बाहेर आहे, तेव्हा येण्याजाण्याचा वेळ धरावा. अॅनिमल किंगडम उद्यानात 'सातुली कँटीन' या काउंटरवर टोफू आणि भात-घेवड्याचे वाडगे मिळतात.

आणि घरचा डबा? उद्यानात स्वतःचे खाणे नेता येते. काचेच्या बाटल्या, मद्य आणि गरम करावे लागणारे पदार्थ तेवढे चालत नाहीत. म्हणजे चिवडा, लाडू, शंकरपाळी, कोरडी चटणी चालते. अमेरिकेत उतरताना खाण्याच्या सगळ्या वस्तू जाहीर कराव्या. ताजी फळे, भाज्या आणि मांस नेऊ नये. चतुर्थीचा उपास असेल तर राजगिऱ्याच्या वड्या पिशवीत असू द्याव्या.

कामाचा क्रम

१) घरातल्या सगळ्यांना विचारा : कोणती दोन-तीन जेवणे खरोखर हवी आहेत? आजीलाही विचारा.
२) त्या ठिकाणांचे पदार्थ आणि किमती वहीत लिहा.
३) रोख आणि योजना, दोन्हींची बेरीज करा. टीप वेगळी धरा.
४) मगच योजनेचे ठरवा.
५) ६० दिवसांची तारीख आणि बहरीनची वेळ मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा.
६) काउंटरच्या जेवणाची मागणी फोनवरील अॅपवरून आधी नोंदवता येते. भूक लागण्यापूर्वीच नोंदवा.

आपल्यापैकी अनेक जण जवळच अबू धाबीच्या यास बेटावर जातात. तेथे २०१० मध्ये फेरारी वर्ल्ड सुरू झाले, २०१८ मध्ये वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आणि २०२३ मध्ये सीवर्ल्ड. मे २०२५ मध्ये डिस्नेनेही याच बेटावर उद्यान उभारण्याची घोषणा केली. भारतात गेल्यावर खोपोलीचे इमॅजिका (२०१३) आहेच. उद्यान कोणतेही असो, आगाऊ जेवण विकत घेण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा : न खाल्लेल्याचे काय? जागा मिळेल याची हमी आहे का? आणि आपल्या घरातला सर्वांत अवघड जेवणारा तेथे पोटभर जेवेल का?

मुलांसाठी गणिते

अ) तुम्ही १५ जुलैला ऑर्लँडोला पोचणार. आरक्षण कोणत्या तारखेला आणि बहरीनच्या किती वाजता उघडेल?
आ) पाच जण, सहा रात्री, टेबलाची योजना. एके रात्री सगळे सिंड्रेलाच्या किल्ल्यात जेवले. टेबलाची किती कूपने उरली? त्यांत साध्या ठिकाणी सगळ्यांची किती जेवणे होतील?

नवे शब्द

आगाऊ : आधीच, वेळेपूर्वी दिलेले. (आगाऊ मुलगा म्हणजे मात्र वेगळे!)
खाणावळ : पैसे घेऊन रोजचे जेवण देणारे ठिकाण.
खाडा : न घेतलेल्या जेवणाची किंवा न केलेल्या कामाच्या दिवसाची वजावट.
पंगत : जेवायला एका रांगेत बसलेली मंडळी.
वळते करणे : देण्याच्या रकमेतून वजा करून घेणे.

उत्तरे : अ) १६ मे, दुपारी एक वाजता. आ) एकूण ३०, गेली १०, उरली २०, आणखी चार जेवणे.