पेन्शन वजा जाता

आपल्या राज्यघटनेत प्रवासभत्ता आहे. शाळेच्या पटांगणात उभे राहून उद्देशिका सगळ्यांनी म्हटलेली असते, पण पाने उलटत दुसऱ्या अनुसूचीच्या ‘घ’ भागापर्यंत फारसे कुणी जात नाही. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला कामानिमित्त भारतात जो प्रवास करावा लागेल त्याचा खर्च भरून निघेल इतके वाजवी भत्ते आणि प्रवासाच्या वाजवी सोयी त्याला मिळतील, असे तिथे लिहून ठेवले आहे. पगाराचे आकडेही तिथेच. १९५० साली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला महिना ३,५०० रुपये, मुख्य न्यायमूर्तींना ४,०००.

घटनाकारांना टांगा-मोटारीच्या खर्चाची एवढी काळजी का वाटावी? पेशवाईत पालखीचा मान दिला की भोयांच्या खर्चाची नेमणूकही लावून देत. नुसता मान दिला तर तो घेणाऱ्याच्या अंगावर येतो, हे त्या काळच्या फडणिशीला ठाऊक होते. अमेरिकेला ते अंगावर आल्यावर कळले. तिथे १७८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचा पगार वर्षाला ३,५०० डॉलर आणि सरन्यायाधीशांचा ४,००० डॉलर असा ठरला. (आपल्याकडचे आकडे नेमके तेच निघावेत, हा योगायोग. तिथे मात्र ते वर्षाचे आणि डॉलरांत.) त्या पगारात या न्यायाधीशांनी वर्षातून दोनदा घोडागाडीतून राज्याराज्यांत फिरून कोर्ट भरवायचे, आणि वाटखर्च पदरचा. १७९२ साली सगळ्या न्यायाधीशांनी मिळून अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्याकडे गाऱ्हाणे नेले. पहिले सरन्यायाधीश जॉन जे १७९५ साली पद सोडून न्यूयॉर्कचे गव्हर्नर झाले. पुढे तेच पद पुन्हा चालून आले तेव्हा त्यांनी ते नाकारले, आणि नकाराच्या कारणांत ही फिरती होती. देशातली सर्वांत मोठी न्यायासनाची खुर्ची प्रवासापायी नाकारली गेली.

तरीही ही झाली कायम न्यायाधीशांची गोष्ट. खरा गुंता हंगामी न्यायाधीशाचा. निवृत्त न्यायमूर्तींना काही काळापुरते परत बोलवावे, तुंबलेले खटले काढून घ्यावेत, ही कल्पना घटनेइतकीच जुनी आहे. मूळ घटनेत अनुच्छेद २२४ त्यासाठीच होता. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने तो काढून त्या जागी अतिरिक्त आणि कार्यकारी न्यायाधीशांची तरतूद घातली. मग १९६३ च्या पंधराव्या दुरुस्तीने तीच जुनी कल्पना २२४-अ या क्रमांकाने परत आणली. याच दुरुस्तीने उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय ६० वरून ६२ केले. म्हणजे एका हाताने निवृत्ती दोन वर्षे पुढे ढकलली आणि दुसऱ्या हाताने निवृत्तांना परत बोलावण्याचे दार उघडले.

दार उघडे राहिले, आत फारसे कुणी आले नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालात या तरतुदीखालच्या नेमणुकांची तीनच उदाहरणे नोंदली आहेत. १९७२ साली मध्य प्रदेशात निवडणूक याचिकांसाठी न्या. सूरजभान, १९८२ साली मद्रासला न्या. पी. वेणुगोपाल आणि २००७ साली अलाहाबादला अयोध्येच्या दाव्यासाठी न्या. ओ. पी. श्रीवास्तव. १९६३ पासून मोजले तर अठ्ठावन्न वर्षांत तीन.

का, याचे उत्तर कलमाच्या शब्दांत शोधावे असे मला वाटते. २२४-अ मध्ये पगार हा शब्दच नाही. राष्ट्रपती आदेशाने ठरवतील ते भत्ते त्या न्यायाधीशाला मिळतील, आणि तो बसेल तोवर त्याला उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे सर्व अधिकार असतील, पण एरवी तो त्या न्यायालयाचा न्यायाधीश समजला जाणार नाही. फाशीची शिक्षा कायम करण्याचा अधिकार त्याच्या हाती द्यायचा, पण त्याच्या कामाच्या मोबदल्याला पगार म्हणायचे नाही. पाहुण्याला स्वयंपाकघर सोपवायचे आणि ताट कुठले वाढायचे ते आयत्या वेळी ठरवू म्हणायचे, तसे हे झाले.

कायम न्यायाधीशाच्या बाबतीत घटना एवढी बेफिकीर नाही. अनुच्छेद २२१ सांगतो की नेमणूक झाल्यावर त्याचे भत्ते, रजा किंवा पेन्शन यांत त्याचे नुकसान होईल असा बदल करता येणार नाही. उच्च न्यायालयात सर्वांत जास्त वेळा पक्षकार म्हणून उभे राहते ते सरकार. त्याच्या हाती न्यायाधीशाच्या पैशाची गाठ असू नये, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे. हंगामी न्यायाधीशासमोरही तेच सरकार उभे राहते. त्याचा मोबदला मात्र आदेशावर, आणि राष्ट्रपतींचा आदेश म्हणजे अखेर मंत्रिमंडळाचा सल्ला.

२० एप्रिल २०२१ रोजी ‘लोकप्रहरी’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही पोकळी बऱ्यापैकी भरली. खंडपीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश शरद बोबडे, मूळचे नागपूरचे, आणि त्यांच्या निवृत्तीला तीन दिवस उरले होते. निकालाचा आर्थिक भाग एका ओळीत सांगता येतो: हंगामी न्यायाधीशाला त्या वेळच्या कायम न्यायाधीशाइतके वेतन आणि भत्ते, पेन्शन वजा जाता. शिवाय घर किंवा घरभाडे. आणि या काळात त्याने दुसरे कायद्याचे काम करायचे नाही, सल्ला नाही, वकिली नाही, लवाद नाही.

आता पाटी-पेन्सिल घेऊ. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचे मूळ वेतन १ जानेवारी २०१६ पासून महिना २,२५,००० रुपये आहे. पूर्ण पेन्शन वर्षाला साडेतेरा लाख, म्हणजे महिना १,१२,५००. मुख्य न्यायमूर्ती वगळता सर्व निवृत्त न्यायाधीशांना ही एकच रक्कम मिळावी, असा निकाल १९ मे २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने दिला. महागाईभत्ता बाजूला ठेवला तर वजाबाकी उरते बरोबर १,१२,५००. घरी बसून मिळत होते तेवढेच आता रोज कोर्टात बसून वर मिळेल. तिजोऱ्याही दोन. न्यायाधीशांचा पगार राज्याच्या एकत्रित निधीवर भारित असतो, पेन्शन भारताच्या एकत्रित निधीवर. पेन्शन केंद्राला तशीही द्यायचीच होती, त्यामुळे राज्याच्या पदरात अनुभवी न्यायाधीश निम्म्या पगारात पडतो.

त्याच माणसाला दुसरे आमंत्रण लवादाचे असते. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत लवादाच्या शुल्काची कमाल मर्यादा ३० लाख रुपये आहे, तीही एका प्रकरणापुरती. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी जुन्या फौजदारी अपिलांच्या पिवळ्या पडलेल्या कागदपत्रांत दोन-तीन वर्षे डोके घालायला जो येईल, तो पैशासाठी येणार नाही हे उघड आहे. अशा माणसांना परत बोलावताना निदान पैशाची अटही स्वच्छ असावी, एवढीच माझी तक्रार आहे. ३० जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २०२१ च्या निकालातल्या नेमणुकीच्या अटी सैल केल्या. वीस टक्के पदे रिकामी असण्याची अट तूर्त बाजूला ठेवली, प्रत्येक उच्च न्यायालयाला दोन ते पाच हंगामी न्यायाधीश घेण्याची मोकळीक दिली, पण मंजूर पदांच्या दहा टक्क्यांच्या आत. त्या आदेशाप्रमाणे हे न्यायाधीश फौजदारी अपिले ऐकणार होते, तेही कार्यरत न्यायमूर्तींच्या शेजारी बसून.

हंगामी न्यायाधीशाच्या मोबदल्याच्या प्रश्नाचे याहून नीटस उत्तर हेगला सापडते, आणि त्याच्याशी मुंबईचे जुने नाते आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयात ज्या देशाचा न्यायाधीश पीठावर नसेल, त्याला त्या खटल्यापुरता आपला न्यायाधीश नेमता येतो. दादरा आणि नगर हवेली १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुक्त झाली. त्या लढ्यात उतरलेल्यांत सुधीर फडके होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पोर्तुगालने १९५५ साली हेगला दावा लावला. भारताने आपला तदर्थ न्यायाधीश म्हणून पाठवले मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांना. २६ नोव्हेंबर १९५७ रोजी न्यायालयाने भारताचे प्राथमिक आक्षेप ग्राह्य धरले नाहीत, तेव्हा छागलांनी वेगळे, भिन्न मतपत्र लिहिले. दाव्याचा अंतिम निकाल लागला १२ एप्रिल १९६० रोजी.

या तदर्थ न्यायाधीशाचा पगार त्याला पाठवणारा देश देत नाही. न्यायालयाच्या संविधीप्रमाणे त्याला कामाच्या दर दिवसाचा मोबदला मिळतो आणि न्यायालयाचा खर्च संयुक्त राष्ट्रे सोसतात. दरही आधीच ठरलेला, कायम न्यायाधीशाच्या वार्षिक वेतनाचा ३६५ वा हिस्सा रोजाला. शब्दशः रोजंदारी. पण नाव सुचवणारा एक आणि पैसे देणारा दुसरा, ही फारकत केल्यामुळे त्या रोजंदारीलाही इभ्रत आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारताचे न्या. दलवीर भंडारी पीठावर आधीच होते, म्हणून पाकिस्तानने आपले माजी सरन्यायाधीश तसद्दुक हुसेन जिलानी यांना तदर्थ नेमले. २०१९ च्या फेब्रुवारीत ऐन सुनावणीच्या वेळी ते आजारी पडले. तहकुबी मिळाली नाही. १७ जुलैला निकाल लागला तेव्हा पंधरा एका बाजूला होते आणि विरोधात ते एकटे.

घरच्या फिरतीकडे येऊ. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झाले. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले. राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत: पोटकलम २ प्रमाणे राष्ट्रपतींच्या आदेशाने कायम खंडपीठ, किंवा पोटकलम ३ प्रमाणे राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्तींनी ठरवलेल्या जागी न्यायाधीशांनी जाऊन बसणे. औरंगाबादची सुरुवात २७ ऑगस्ट १९८१ रोजी याच दुसऱ्या वाटेने झाली होती, आणि नारायण शामराव पुराणिक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. या वाटेत एक शब्द महत्त्वाचा आहे, मुख्यालय. प्रवासभत्त्याचे सारे शास्त्र त्यावर उभे असते, कारण मुख्यालय सोडले की दैनिक भत्ता सुरू होतो आणि मुख्यालयात परतले की थांबतो. कोल्हापूरच्या बेंचसाठी वकिलांनी केलेल्या चाळीसेक वर्षांच्या आंदोलनात अंतराचा मुद्दा पक्षकाराचा होता. सावंतवाडीच्या माणसाने तारखेसाठी मुंबईला जायचे, राहायचे, आणि पुढची तारीख घेऊन परतायचे. साक्षीदाराला निदान साक्षीभत्ता असतो. पक्षकाराच्या फेरीचा भत्ता कुठल्याही नियमात नाही. कोल्हापूरने त्या प्रवासाचा बराच भाग न्यायाधीशांच्या बाजूला सरकवला, आणि ते योग्यच झाले.

हंगामी न्यायाधीशांत सर्वांत कमी दखल घेतली गेली ती जलदगती न्यायालयांतल्या न्यायाधीशांची. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून देशभरात १,७३४ जलदगती न्यायालये मंजूर झाली, खर्चाचा आकडा ५०२.९० कोटी. मुदत मार्च २००५ पर्यंत होती. ती वाढत वाढत २०११ पर्यंत गेली आणि मग केंद्राने हात काढून घेतला. तिथे बसवायचे कुणाला, याचा क्रम सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ब्रिजमोहन लाल खटल्यात लावून दिला: आधी सेवेतल्या न्यायाधीशांना तदर्थ बढती, मग निवृत्त न्यायाधीश, मग वकिलांतून थेट. यातले तिसरे सर्वांत अधांतरी. चालती वकिली बंद करून ते आले, सत्र न्यायाधीशाचे काम केले, जन्मठेपा सुनावल्या, आणि योजनेची मुदत संपत आली की आपलीही संपते का, याची वाट पाहत राहिले. २०१२ साली न्यायालयाने सांगितले की त्यांना कायम होण्याचा हक्क नाही, पण परीक्षा देता येईल. २०१३ साली एका ओडिया न्यायाधीशाच्या प्रकरणात ठरले की जलदगती न्यायालयातला काळ ज्येष्ठतेसाठी धरायचा नाही. झारखंडचे काही न्यायाधीश पुढे नियमित सेवेत आले होते. त्यांनी विचारले, मग ती वर्षे पेन्शनला तरी धरणार का? ११ मे २०१८ रोजी उत्तर आले, धरा.