कार्ड बदलू की राहू दे?

‘मामा, कार्ड बदलायचंय!’

रविवारी सकाळी साडेआठला भाच्याचा फोन. ‘हॅलो’ नाही, ‘कसा आहेस’ नाही, डायरेक्ट कार्ड. अर्धवट झोपेत मला वाटलं, सिमकार्ड हरवलं की काय याचं? मग ट्यूब पेटली. ग्राफिक्स कार्ड! तेवढ्यात मागून ताईचा आवाज आलाच, ‘त्याला म्हणावं, यायचं तर ये, पण आधी बॅकअप!’

आमच्या घरात ‘बॅकअप’ हा शब्द गेली वीस वर्षं टोमणा म्हणूनच वापरला जातो. ती स्टोरी पुढे येतेच. आधी माझी ओळख. दिवसा मी चारचौघांसारखी आयटीतली नोकरी करतो, इएमआय भरतो, सिंहगड रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालतो. पण कुणाला ट्रेकचं वेड असतं, कुणाला बुलेटचं, तसं मला कॅबिनेट उघडायचं वेड आहे. कॉलेजात असल्यापासून मित्रांचे, नातेवाइकांचे, नातेवाइकांच्या शेजाऱ्यांचे पीसी जोडून देतोय. मेहनताना म्हणून चहा-पोहे. आणि प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, ‘कार्ड कुठलं घेऊ?’

जुन्या कार्डाला नेमकं झालंय काय, हे मात्र कुणी म्हणजे कुणी विचारत नाही!

कार्ड ‘जातं’ म्हणजे काय?

गंमत अशी की बहुतेक कार्डं बिघडून जातच नाहीत. पंखा फिरत असतो, चित्र येत असतं. तरीही एक दिवस ते कामाचं राहत नाही. आणि हे दोन प्रकारे होतं.

पहिला प्रकार म्हणजे म्हातारपण. दर वर्षी नवे गेम्स जड होत जातात आणि कार्ड दमायला लागतं. पण इथे तडजोडीला भरपूर वाव असतो. सावल्या ‘अल्ट्रा’वरून ‘मीडियम’वर आणा, गवत थोडं कमी करा. शिवाय अलीकडे अपस्केलिंगचा फंडा आलाय. चित्र लहान आकारात काढायचं आणि हिशेबाने मोठं करून दाखवायचं. एएमडीने २०२१ मध्ये आणलेलं एफएसआर तर प्रतिस्पर्धी कंपनीच्या जुन्या कार्डांवरही चालतं. एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० आलं २०१६ मध्ये. माझ्याकडे चार वर्षं राबलं, मग २०२०च्या लॉकडाउनमध्ये भाच्याला पीसी जोडून दिला तेव्हा त्याच्याकडे गेलं आणि तिथेही इमानेइतबारे चाललं. सहा जीबी मेमरीत त्या बिचाऱ्याने काय काय ओढलंय!

दुसरा प्रकार अचानकचा. इथे सेटिंग कितीही खाली आणा, उपयोग शून्य. कारण प्रश्न वेगाचा नसतोच. गेमला जे हवंय ते कार्डात मुळातच नसतं.

जुन्या मंडळींना जीफोर्स ४ एमएक्स आठवत असेल. २००२ मध्ये आलं, स्वस्त, त्यामुळे घरोघरी पोचलं. नावात ‘४’. पण आतली वंशावळ जीफोर्स २ ची! आदल्या वर्षी आलेल्या जीफोर्स ३ मध्ये पिक्सेल शेडर होते, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याचा रंग प्रोग्रॅम लिहून ठरवायची सोय. एमएक्समध्ये ते नव्हते. मग २००३ मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ आला आणि त्याने एमएक्सला दारातूनच परत पाठवलं. स्लो वगैरे नाही, सपोर्टच नाही. एका सॉफ्टवेअरच्या जुगाडाने पोरं तो कसाबसा चालवायची, ते वेगळं!

वीस वर्षांनी पिक्चर तोच, फक्त हीरो बदलला. या वेळी रे ट्रेसिंग. प्रकाशाचा किरण कुठून निघाला, कशावर आपटला, कुठे गेला याचा हिशेब करणारं वेगळं हार्डवेअर. एनव्हिडियाच्या कार्डांत ते २०१८च्या आरटीएक्स २० मालिकेपासून आलं. बरीच वर्षं तो शोभेचा प्रकार होता, हवं तर चालू करा, नाही तर बंद. पण डिसेंबर २०२४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मध्ये ‘डूम: द डार्क एजेस’ आले, आणि दोन्हींत तो बंद करायचं बटणच नाही. भाच्याला हवा होता ‘डूम’. म्हणून सकाळी साडेआठचा फोन.

त्यात भर म्हणजे ऑक्टोबर २०२५ नंतर एनव्हिडियाने त्या पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेम्सचे ड्रायव्हर देणं थांबवलं. आता फक्त सुरक्षेपुरते अपडेट. म्हणजे व्हीआरएसच!

ताईचा प्रोजेक्ट

२००५. आम्ही सदाशिव पेठेत राहायचो. घरात एक पीसी आणि त्यावर तीन दावेदार. बाबांची सोसायटीची पत्रं, ताईचा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आणि माझे गेम्स. मी शिकवण्या घेऊन साडेसहा हजार जमवले आणि तपकीर गल्लीत जाऊन कार्ड उचललं. एजीपीचं, वेगळी पॉवर केबल लागणारं. जाम खूश होतो. एसएमपीएस मात्र तोच, कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. चांगला घ्यायचा तर बाराशे रुपये जास्त पडत होते. दुकानदार म्हणाला, ‘चालून जाईल.’ मलाही तेच ऐकायचं होतं.

त्या डब्यावर ‘४०० वॉट’ असं ठळक छापलेलं. पण स्टिकरवरचा बारीक मजकूर वाचायची अक्कल तेव्हा नव्हती. प्रोसेसर आणि कार्ड ही दोन खादाड मंडळी मुख्यतः १२ व्होल्टच्या तारेवर जेवतात. त्या तारेपुढे ‘१४ अँपिअर’ लिहिलं असेल तर गुणाकार करा, १६८ वॉट. बाकीचे वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या ताटात, जिथे जेवायला फारसं कुणी नाही! आणि स्वस्तातल्या डब्यात ते १६८ तरी खरे असतील याची गॅरंटी नाही.

अकराव्या दिवशी संध्याकाळी ‘फट्’ असा आवाज झाला आणि जळका वास आला. एसएमपीएस गेला तो एकटा गेला नाही, मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क घेऊन गेला. कार्ड ठणठणीत! ताईचा प्रोजेक्ट द्यायला दहा दिवस उरले होते. पहिली दोन प्रकरणं फ्लॉपीवर होती. बाकी तिच्या सरांकडे असलेली पेन्सिलच्या खुणांची प्रिंटआउट, तीही एक महिना जुनी.

मित्राच्या पीसीवर ताईने नऊ रात्री टायपिंग केलं. मी शेजारी बसून वाचून दाखवायचो. ती माझ्याशी फक्त ‘पुढे’ एवढंच बोलायची. दोन ग्राफ तिला पुन्हा जमलेच नाहीत, ते तिने हाताने काढून चिकटवले. बाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एकदा विचारलं, ‘किती वाचवलेस?’

कोथरूडमधली दुपार

तर त्या रविवारी दुपारी स्क्रूड्रायव्हर आणि एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन ताईकडे. आधी बॅकअप. बॅकअप होत असताना जेवण. ताईने स्वतः दोन फाइल्स उघडून बघितल्या, मगच ‘हं, लावा हात’ म्हणाली.

भाच्याची तक्रार होती की ‘डूम’ तर चालू होत नाहीच, पण बाकीचे गेम्सही अडखळतात. म्हटलं, टास्क मॅनेजर उघड. गेम चालू असताना कार्ड ९९ टक्क्यांवर असेल तर दमलंय बिचारं. पण इथे ते ६०-६५ टक्क्यांवर आरामात बसलेलं, आणि रॅम काठोकाठ भरलेली. आठ जीबीची एकच कांडी! लॉकडाउनमध्ये दुसरी मिळाली नव्हती, ‘नंतर घालू’ म्हणून जे राहिलं ते राहिलंच. माझीच चूक. शिवाय एकाच कांडीमुळे प्रोसेसरला रॅमपर्यंत जायला एकच रस्ता, दोन असत्या तर दोन.

(हे तरी बरं. आमच्या टीममधल्या एकाने भारीतलं कार्ड घेतलं आणि महिनाभर ‘काहीच फरक नाही यार’ म्हणत होता. बघायला गेलो तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये. कार्ड आत नुसतं शोभेला! नाव सांगत नाही, हा अंक त्याच्याकडे येतो.)

२०२५च्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरीची मागणी अशी वाढवली की साध्या रॅमचे भावही कडाडले. म्हणून तशीच एक सेकंडहँड कांडी शोधली. पुढच्या रविवारी ती घातली, पंख्यातली पाच वर्षांची धूळ ब्लोअरने उडवली, आणि जुने गेम्स लोण्यासारखे चालायला लागले.

‘म्हणजे कार्ड नको घेऊ?’ भाच्याचा चेहरा पडला.

खरं सांगू? जुन्या गेम्ससाठी नकोच. त्याचा मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झचा. म्हणजे सेकंदाला साठच चित्रं दाखवणार, कार्डाने दीडशे काढली तरी. त्याच्या खिशात होते आजीने दिलेले, बक्षिसाचे साठवलेले आणि ताईची थोडी सबसिडी. ते सगळे एका ‘डूम’साठी? मी त्याला पंधरा दिवस विचार कर म्हटलं. मनातून मला माहीत होतं की रे ट्रेसिंगची सक्ती आता वाढतच जाणार. पण पैसे त्याचे होते. आणि ‘घे रे, चालून जाईल’ हे वाक्य मी कुणालाही म्हणत नाही.

पंधरा दिवसांनी तो म्हणाला, घ्यायचंच. मग खरी घासाघीस सुरू झाली, दुकानात नव्हे, आमच्या दोघांत. त्याला हवं होतं तीन पंख्यांचं, दिवाळीच्या माळेसारखं चमकणारं, आठ जीबीचं. मी म्हटलं, मेमरी बघ. गेमची चित्रं कार्डाच्या मेमरीत मावली नाहीत की ती मदरबोर्डवरच्या रॅममधून ओढून आणावी लागतात, आणि मग गेम झटके खातो. तुझा मदरबोर्ड जुना, तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेसचा. बरीच नवी मधल्या रेंजची कार्डं आठच लेनची असतात. आधीच जुना रस्ता, त्यातही अर्धाच वापरायचा. म्हणून आम्ही रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीवर आलो. सोळा जीबी, सोळा लेन, १६० वॉट. दोन पंखे, लाइट एकही नाही.

‘आणि एसएमपीएस नवा,’ मी म्हटलं.

‘अरे मामा, आहे तो चालतोय की!’

स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज थांबला. ताई दारात येऊन उभी राहिली. काही बोलली नाही. मी भाच्याकडे बघितलं, भाच्याने आईकडे, आणि ६५० वॉटचा चांगल्यातला एसएमपीएस यादीत गेला. तीन पंखे आणि रोषणाई परवडण्याचा प्रश्न तिथेच मिटला. घरचा साधा ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉटचा असतो, त्यामुळे लाइट जायची वेळ असेल तेव्हा गेम खेळायचा नाही, असंही ठरलं. ही अट भाचा पाळेल असं मला वाटत नाही.

जोडणीला तास गेला. स्क्रू त्यानेच लावले. बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा काळा. पाच सेकंद, दहा सेकंद. ताई एक्स्टर्नल हार्ड डिस्क छातीशी धरून उभी. मग लोगो आला, भाचा ‘येस्स!’ करून ओरडला, आणि त्याच क्षणी ताई म्हणाली, ‘वास येतोय कसला तरी. जळका.’

मी सूर मारला तो थेट भिंतीवरच्या स्विचवर. पडदा पुन्हा काळा. तिघंही स्तब्ध. भाचा कॅबिनेटशी नाक लावून हुंगत होता.

गॅसवर दूध उतू गेलं होतं.