संक्रांतीचा दिवस सर्वांचा



संक्रांत आतां अगदीं दाराशीं येऊन ठेपली आहे. बाजारांत तिळाचे ढीग लागले आहेत, हलव्याच्या दागिन्यांनीं दुकानें पांढरीं शुभ्र झालीं आहेत आणि शहरांतल्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जात आहे : “यंदां वाण काय लुटायचें ?” हा प्रश्न वाईट नाहीं, पण संक्रांतीविषयीं तेवढाच एक प्रश्न उरावा, ही गोष्ट मात्र विचार करण्यासारखी आहे. जो सण शेतांतून घरांत आला, तो जर केवळ दुकानांतूनच घरांत येऊं लागला, तर मुलांना त्यांत करण्यासारखें कांहीं राहत नाहीं आणि वडील माणसांना सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. म्हणून संक्रांतीचे आचार आज एकेक करून आपल्यापुढें ठेवतों. त्यांचा अर्थ काय, ते हौसेनें कसे पार पाडावे आणि घरांतील प्रत्येक माणसाला त्यांत वांटा कसा मिळेल, एवढेंच आपल्याला पाहावयाचें आहे.

प्रथम दिवसाविषयीं दोन शब्द. आपले बहुतेक सण चंद्राच्या गतीवर चालतात, म्हणून इंग्रजी तारखेच्या हिशेबानें ते मागेंपुढें होतात. संक्रांत मात्र सूर्याची. सूर्य मकर राशींत प्रवेश करतो तो हा दिवस. तो हल्लीं १४ किंवा १५ जानेवारीस येतो. सूर्याचें उत्तरेकडे वळणें प्रत्यक्षांत २१ किंवा २२ डिसेंबरलाच सुरू झालेलें असतें. पृथ्वीचा आंस फार मंद गतीनें डोलत असल्यामुळें राशि आणि ऋतु यांची सांगड हळूहळू सुटत जाते, आणि सुमारें ७० वर्षांत संक्रांत एक दिवस पुढें सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशीं झाला, तेव्हां तारीख होती १२ जानेवारी १८६३. २०२४ सालीं संक्रांत १५ जानेवारीस आली.

हा विषय मुलांना पुस्तकांतून शिकविण्यापेक्षां गच्चीवर शिकवावा. एक मीटर लांबीची काठी सरळ उभी करावी, आणि भर मध्यान्हीं सावली सर्वांत आंखूड होते तेव्हां तिच्या टोंकाशीं खडूनें खूण करावी. मुंबईस २२ डिसेंबरच्या सुमारास ही सावली सुमारें ९१ सेंटिमीटर भरते. संक्रांतीच्या दिवशीं ती सुमारें ८५ वर येते. संक्रांतीपासून दिवस तिळातिळानें वाढतो असें आपल्या आज्या सांगत आल्या. मुलांनीं तो तीळ स्वतः मोजून पाहावा, आणि काठी धरण्याचें काम आजोबांकडे द्यावें.

आतां शेताकडे वळूं. महाराष्ट्रांत संक्रांतीचा काळ दोन सुगींच्या मधला आहे. पावसाळी पिकें, म्हणजे बाजरी, तीळ, भुईमूग, घरांत येऊन पडलेलीं असतात. हिवाळी पिकें शेतांत उभीं असतात : हरभऱ्याला हिरवे घाटे धरलेले असतात, गव्हाच्या ओंब्या भरत असतात, ज्वारीच्या कणसांत दुधाळ दाणा येऊन हुरड्याचे दिवस चाललेले असतात. ऊंस गाळपास निघालेला असतो आणि बोरी पिकलेल्या असतात. मिळालेल्या पिकाचा आनंद आणि येणाऱ्या पिकाची आशा या दोहोंच्या मध्यावर हा सण बसलेला आहे.

हें सारें शेत आपल्या पूर्वजांनीं एका लहानशा मडक्यांत भरून ठेविलें. तें मडकें म्हणजे सुगड. त्यांत हरभऱ्याचे घाटे, उंसाचीं कांडीं, बोरें, गाजराचे तुकडे, भुईमुगाच्या शेंगा, गव्हाच्या ओंब्या आणि तिळगूळ घालतात, त्याची पूजा करतात आणि बायका तें एकमेकींना वाण म्हणून देतात. सुगडें बहुधा आदल्या रात्रीं घाईनें भरलीं जातात. त्याऐवजीं तीं मुलांकडून भरवून घ्यावीं. प्रत्येक जिन्नस हातांत घेऊन तो जमिनीखालीं वाढतो, झुडपावर लागतो कीं झाडावर पिकतो, हें त्यांना विचारावें. भुईमुगाची शेंग जमिनीखालीं लागते हें ऐकून शहरांतील पुष्कळ मुलें चकित होतात. आणि खरें सांगावयाचें तर कांहीं मोठीं माणसेंहि चकित होतात, पण तीं तसें दाखवीत नाहींत.

संक्रांतीच्या आदला दिवस भोगीचा. ‘न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आपण ऐकली असेलच. त्या दिवशीं तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी आणि सर्व भाज्यांची मिळून केलेली भोगीची भाजी असा बेत असतो. वांगीं, गाजरें, पावटा, घेवडा, हरभऱ्याचे ओले दाणे, बोरें आणि वर तिळाचें कूट, असा या भाजीचा थाट. कुटुंब एकत्र जमत असेल, तर भोगीची दुपार शेंगा सोलण्यासाठीं राखून ठेवावी. चटई पसरावी, मध्यें परात ठेवावी आणि भोंवतीं सर्वांनीं बसावें. शेंगा सोलतांना हात गुंतलेले असतात आणि तोंडें मोकळीं असतात. घरांतल्या जुन्या गोष्टी निघण्यास यापरतें दुसरें चांगलें निमित्त नाहीं.

मुख्य काम तिळगुळाचें. तिळांत सुमारें निम्मा भाग तेल असतें, म्हणून थंडींत हा पदार्थ अंगाला मानवतो. साधारण प्रमाण असें धरावें : अर्धा किलो तीळ, तितकाच चिक्कीचा गूळ, एक वाटी शेंगदाण्याचें कूट, अर्धी वाटी भाजून चुरलेलें सुकें खोबरें, वेलदोड्याची पूड आणि दोन चमचे तूप. तीळ मंद आंचेवर भाजावे. ते तडतडूं लागून फुगले कीं उतरावे. तुपावर गूळ विरघळवून पाक करावा आणि त्याचा थेंब गार पाण्यांत टाकून पाहावा. बोटांनीं त्याची घट्ट गोळी झाली, कीं सर्व जिन्नस त्यांत घालून भराभर लाडू वळावे, कारण मिश्रण थंड झालें कीं तें कोणाचें ऐकत नाहीं. पाक फार तापलेला असतो आणि हाताला चिकटून राहतो, म्हणून लहान मुलांना चुलीपासून दूर ठेवावें. त्यांना तीळ निवडणें, शेंगदाण्यांचीं सालें पाखडणें आणि निवलेले लाडू मोजून डब्यांत भरणें हीं कामें द्यावीं. मोजतांना कांहीं लाडू कमी भरतील. तो हिशेब फार कसून घेऊं नये.

कांटेरी हलवा करणें हें त्याहून चिकाटीचें काम. मंद निखाऱ्यावर परात ठेवून तींत मूठभर तीळ किंवा खसखस घालतात, साखरेचा पाक चमचाचमचा सोडतात आणि बोटांच्या टोंकांनीं दाणे सतत हलवितात. पाक वाळतो तसा साखरेचा थर दाण्यावर बसत जातो आणि त्याला कांटे फुटतात. थंड व कोरड्या हवेंत हलवा चांगला साधतो. ढग आले कीं बिघडतो. सगळा हलवा घरीं करावा असा माझा आग्रह नाहीं. परंतु एक मूठभर तीळ घेऊन हा प्रयोग मुलांसमोर एकदां तरी करावा. विकतच्या हलव्याच्या एकेका दाण्यामागें किती तासांची मेहनत असते, हें त्यावरून त्यांना कळेल.

लहान बाळाचें बोरन्हाण हा तर संक्रांतींतील सर्वांत गमतीचा समारंभ. बाळाला काळें झबलें आणि हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवितात, आणि बोरें, चुरमुरे, उंसाचे करवे, हलवा यांचा त्याच्या डोक्यावरून हलकेंच वर्षाव करतात. भोंवतालचीं मुलें तो खाऊ वेंचण्यासाठीं झेप घेतात. हा समारंभ रथसप्तमीपर्यंत केव्हांहि करतां येतो, म्हणून सर्वांना सवड असेल असा रविवार निवडावा. खालीं स्वच्छ चादर अंथरावी, म्हणजे अन्न पायदळीं जाणार नाहीं. एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. शेंगदाणे, हरभरे, हलव्याचे कठीण दाणे आणि बोरांच्या आठळ्या लहान मुलांच्या श्वासनलिकेंत अडकूं शकतात. म्हणून चार वर्षांच्या आंतील मुलांच्या हातीं हे जिन्नस पडूं देऊं नयेत, आणि वर्षावांत चुरमुऱ्यांचाच भाग अधिक ठेवावा.

मोठ्या मुलांचें चित्त अर्थातच पतंगांत असतें. नाशिक जिल्ह्यांतील येवल्यास आणि नागपुरास संक्रांतीला आकाश पतंगांनीं भरून जातें. पतंग उडवावा, पण साध्या सुती दोऱ्यानें. नायलॉनच्या मांज्यानें पक्ष्यांचे पंख आणि वाटसरूंचे गळे कापले जातात. राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं अशा मांज्यावर देशभर बंदी घातली आहे. मुलांना नुसतें ‘नको’ म्हणण्याऐवजीं बांबूच्या कामट्या, पातळ कागद आणि खळ देऊन घरींच पतंग करावयास बसवावें. स्वतः केलेला पतंग चार हात उडाला, तरी विकतच्या पतंगापेक्षां त्याचें कौतुक अधिक होतें.

संध्याकाळीं सर्व मंडळी जमली, कीं खेळांना रंग चढतो. एक सोपा खेळ सुचवितों. ज्वारी, बाजरी, गहूं, हरभरा, तीळ आणि मूग हीं धान्यें निरनिराळ्या लहान पिशव्यांत भरावीं आणि डोळे बांधून केवळ स्पर्शानें तीं ओळखावयास सांगावीं. या खेळांत आजी नातवंडांना सहज हरविते, आणि तसें होणें फार चांगलें. त्यानंतर सागरगोटे, भेंड्या आणि अर्थात् उखाणे. उखाणा घेणें हें बायकांचेंच काम, असें कोणीं ठरविलें ? घरांतल्या पुरुषांनींहि पत्नीचें नांव घेऊन उखाणा घ्यावा. ज्याला जमणार नाहीं त्यानें दुसऱ्या दिवशीं सर्वांना चहा करून पाजावा.

आतां मी अशा एका आचाराकडे येतों, कीं ज्याविषयीं गोड बोलणें पुरेसें नाहीं. हळदीकुंकू हा संक्रांतीचा सर्वांत मोठा समारंभ. शेजारणी येतात, अत्तरगुलाब होतो, वाण दिलें जातें. परंतु ज्या बाईचा पति वारला, तिला या समारंभांतून वगळण्याची रूढि अजून पुष्कळ सुशिक्षित घरांतहि चालू आहे. जिनें दुपारभर तीळ भाजले, पाक झाला कीं नाहीं हें जिच्या बोटांनीं सांगितलें, ती आजी, आत्या किंवा मावशी संध्याकाळीं आंतल्या खोलींत जाऊन बसते. तिला कोणी ‘जा’ म्हणत नाहीं. तीच आपण होऊन उठते, आणि तिला ‘बसा’ असें कोणी म्हणत नाहीं. घरांतलीं मुलें हें पाहतात आणि तेंहि शिकतात.

कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड या गांवच्या ग्रामसभेनें मे २०२२ मध्यें, पतीच्या निधनानंतर स्त्रीचें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें, मंगळसूत्र तोडणें या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. आणि त्याच महिन्यांत महाराष्ट्र सरकारनें हें उदाहरण इतर ग्रामपंचायतींपुढें ठेवणारें परिपत्रक काढलें. एका खेड्याला जें साधलें, तें शहरांतल्या दिवाणखान्याला अवघड कां वाटावें ? ठराव नको, भाषण नको. आमंत्रण देतांना ‘घरांतल्या सर्व जणी या’ एवढेंच म्हणावें, आणि पहिलें वाण घरांतल्या सर्वांत वडील बाईच्या हातीं द्यावें, मग ती सवाशीण असो वा नसो. हळदकुंकू लावून घेणें न घेणें ज्याच्या त्याच्या मनावर सोडावें. पण तिळगूळ, वाण आणि मानाची जागा सर्वांना सारखी असावी. जुन्या पिढींतील एखादी बाई प्रथम संकोच करील. तिला आग्रहानें अवघडून टाकूं नये. तिच्या शेजारीं जाऊन बसावें, आणि पुढच्या वर्षीं पुन्हां बोलवावें.

वाणाविषयींहि थोडें सांगतों. आपली वस्तु शेजारणीच्या वस्तूहून भारी असावी या चढाओढींत घराघरांत प्लास्टिकचे डबे मात्र सांचतात. त्याऐवजीं भाजीच्या बियांची पुडी, कापडी पिशवी, मुलांसाठीं एखादें लहानसें पुस्तक किंवा शेरभर नवी बाजरी द्यावी. सुगडांतून मूळ वाण दिलें जात होतें तें शेतांतल्या मालाचेंच, हें विसरूं नये.

‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हें वाक्य आपण इतक्या वेळां उच्चारतों, कीं त्यांतील अट आपल्या ध्यानांत येत नाहीं. कर्नाटकांतहि संक्रांतीला तीळ, गूळ, खोबरें, शेंगदाणे व डाळें यांचें मिश्रण वांटून असेंच गोड बोलण्याचें मागणें मागतात. मित्राशीं गोड बोलण्यास तिळगूळ लागत नाहीं; ज्याच्याशीं बोलणें तुटलें आहे त्याच्यासाठीं तो आहे. पूर्वीं दूरच्या नातलगांना पाकिटांत चार दाणे हलवा घालून पाठवीत असत. यंदां मुलांकडून असें एक तरी पाकीट तयार करवावें, आणि तें ज्याच्याकडे जाणें सर्वांत अवघड, त्याच्या पत्त्यावर टाकावें. टपालखर्च फार नाहीं.

आपणां सर्वांना संक्रांत गोड जावो.