लेकीच्या गल्ल्यातले ३४० रुपये

नाशिकरोडच्या माणसाला नोटेचे फारसे अप्रूप नाही. १९२८ पासून देशाच्या नोटा आमच्या या गावात छापल्या जातात. पोरगा "प्रेसमध्ये लागला" म्हटले की मुलीचा बाप पुढची चौकशी करीत नसे. पण नोटा छापणाऱ्या गावातही वीस तारखेनंतर किराण्याची उधारी काही चुकलेली नाही. ती उधारी मुलांसमोर बोलायची नाही, असा आपल्या घरांतून दंडक. मुले जवळ आली की आपण आवाज खाली करतो. मग हिशेब त्यांनी शिकावा कोठून?

आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. थोरली तेव्हा नऊ वर्षांची होती. मातीच्या गल्ल्यात पाहुण्यांनी हातावर ठेवलेले, आजीने जयंतीला दिलेले पैसे ती टाकत असे. त्या वैशाखात नात्यात लग्न निघाले आणि आहेराला पैसे कमी पडले. रात्री ती झोपल्यावर आम्ही गल्ला फोडला. ३४० रुपये निघाले. पगार झाला की नवा गल्ला आणून भरून देऊ, असे ठरवले. पगार झाला आणि गेलाही.

सकाळी तिने खापऱ्या पाहिल्या, पण काही बोलली नाही. त्यानंतर मात्र हातात आलेला पैसा त्याच दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊ लागला. आम्ही तिला उधळी म्हणून रागावलो. शेवटी आजीने जवळ घेऊन विचारले तेव्हा म्हणाली, "ठेवले की घरातले घेतात."

वाचकहो, ते ऐकून मान वर करवेना. दुसऱ्या दिवशी तिच्या वहीत तिच्याच हाताने लिहवले : घरच्यांकडे येणे ३४०. दरमहा ५० रुपये द्यायचे, शेवटच्या महिन्यात ४०. सहावा हप्ता राहिला तर तिने वही आणून जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली. तो हप्ता आम्ही जेवण्याआधी दिला.

बचतीवर आपण मुलांना पुष्कळ ऐकवतो. पण ठेवलेला पैसा आपल्यालाच परत मिळतो, याची खात्री मुलाला नसेल तर ते कशाला ठेवील? अडचणीत मुलाचे पैसे घ्यावे लागतात, त्यात लाज नाही. न सांगता घेऊ नयेत.

तथागतांनी राजगृहाच्या सिगाल नावाच्या तरुण गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगितले. एक उपभोगासाठी, दोन कामधंद्यात, चौथा अडीअडचणीसाठी. सातपूर-अंबडच्या कंत्राटी कामगाराला दोन भाग धंद्यात घाला म्हणणे ही थट्टाच होईल. पण मुलाच्या वीस रुपयांत पाच रुपयांचा चौथा भाग सहज बसतो. आणि पहिला भाग त्याने खाऊवर उडवला तर बोलू नये. तो त्याचाच आहे.

आता आणखी एक अडचण आहे. नोटही दिसेनाशी झाली. बाप दुकानात मोबाइल पुढे करतो आणि सामान घरी येते. मुलाला वाटते, मोबाइलमध्ये पैसे असतातच. म्हणून आम्ही आठवड्याच्या भाजीचे पैसे रोख मुलांच्या हाती देतो. भाव त्यांनी करायचा, उरलेली मोड मोजून आणायची आणि वहीत मांडायचे. विजेचे बिलही त्यांच्याकडून वाचून घेतो. एकदा धाकटीने पंखा स्वतःहून बंद केला. एकदाच, हेही सांगितले पाहिजे.

गल्ला ही पैशांची कायमची जागा नव्हे. नोव्हेंबर २०१६ मध्ये ५०० आणि १००० च्या नोटा बंद झाल्या, तेव्हा पिठाच्या डब्यातून, साडीच्या घडीतून आयाबायांनी वर्षानुवर्षे साठवलेल्या नोटा कशा बाहेर आल्या, ते आपण पाहिले. शिवाय डब्यातला रुपया वर्षागणिक कमीच वस्तू आणतो. बाबासाहेबांनी रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ १९२३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध केला, त्यातही रुपयाने किती वस्तू मिळतात, यावर त्यांचा भर होता.

दहा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला पोस्टात स्वतःच्या नावाने बचत खाते उघडता येते आणि स्वतःच्या सहीने चालवता येते. किमान ५०० रुपये लागतात. थोरलीने परत मिळालेल्या ३४० मध्ये आपले १६० घातले. सही तीनदा गिरवून मग फॉर्मवर केली. धाकटी दहाच्या आतली, म्हणून तिचे सुकन्या समृद्धी खाते काढले. ही योजना २०१५ ची. वर्षाला निदान २५० रुपये भरावे लागतात, भरणा पंधरा वर्षे चालतो आणि मुलगी अठरा वर्षांची झाली की शिक्षणासाठी निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते.

वहीचे ते पान थोरलीने फाडू दिलेले नाही. त्याखाली आता नवी नोंद आहे : आजीला चष्म्याच्या काडीसाठी १२० दिले. येणे.