पांढऱ्या टाइलवर काळं अक्षर
लेखमाला ‘यंत्र आणि हात’ : भाग ६

मागच्या भागात सागाच्या फळीवर नाव कोरलं. लाकूड जळतं आणि जळलं की काळं पडतं, त्यामुळे तिथे लेझरचं काम सरळ होतं. पण सालेकसा तालुक्यातल्या पावसात दारावरची लाकडी पाटी फार काळ धड राहत नाही. पावसातून वाचली तर वाळवी सोडत नाही. म्हणून या वेळी टाइल घेऊ. हार्डवेअरच्या दुकानात मिळते ती साधी, पांढरी, चकचकीत, आठ बाय बारा इंचांची. ओट्यामागे लावतात तीच.

ही टाइल तशीच लेझरखाली सरकवली आणि यंत्र पूर्ण ताकदीवर चालवलं, तरी बहुधा काहीही उमटत नाही. घरगुती यंत्रातला डायोड लेझर ४५० नॅनोमीटरचा, म्हणजे निळा प्रकाश टाकतो, आणि पांढरं ग्लेझ तो जवळजवळ सगळा परत फेकतं. शिवाय ग्लेझ म्हणजे मातीवर चढवलेला काचेचा पातळ थर. मोरबीच्या भट्टीत हजार अंशांच्या वर तापून निघालेल्या या थरात जळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. लाकडावर चाललेली युक्ती इथे चालत नाही ती यामुळे.

मग जगभरच्या हौशी लोकांनी एक वाट काढली. ती ‘नॉर्टन व्हाइट टाइल’ पद्धत म्हणून ओळखली जाते. टाइलवर पांढरा रंग मारायचा, वाळू द्यायचा, त्यावर लेझर चालवायचा आणि उरलेला रंग थिनरनं पुसून टाकायचा. पांढऱ्यावर पांढरा रंग मारून काळं अक्षर मिळतं, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला थट्टाच वाटते.

गुपित त्या रंगातल्या टिटॅनियम डायऑक्साइडमध्ये आहे. पांढऱ्या ऑइल पेंटला आणि स्प्रेला पांढरेपणा देणारी पूड हीच. लेझरचा ठिपका साधारण ०.१ मिलिमीटर रुंद असतो. पाच वॉट एवढ्याशा जागेत दाबले की तिथला प्रकाश भर दुपारच्या उन्हाच्या सहा लाख पटींहून प्रखर होतो. मिनिटाला २००० मिलिमीटर वेगानं जाणारा ठिपका एका जागी फार तर ३ मिलिसेकंद असतो, पण तेवढं पुरतं. रंगातली राळ जळते, तिचा कार्बन होतो, आणि या आचेत टिटॅनियम डायऑक्साइड आपल्यातला थोडा ऑक्सिजन गमावतो. ऑक्सिजन कमी पडलेलं हे संयुग गडद, काळपट निळं दिसतं. खाली ग्लेझची काचही क्षणभर मऊ झालेली असते. ती त्याला धरून ठेवते. म्हणून नंतर थिनरनं घासा, नखानं खरवडा, अक्षर हलत नाही. याला आपण कोरीव काम म्हणतो खरं, पण टाइलमधून काहीच काढलेलं नसतं. भट्टीत भाजलेल्या टाइलवर एका ठिपक्याएवढी भट्टी पुन्हा फिरवलेली असते, एवढंच.

या पुडीचं मूळही पाहण्यासारखं आहे. टिटॅनियमचं एक मुख्य खनिज इल्मेनाइट, लोह आणि टिटॅनियमचं ऑक्साइड, रंगानं काळं. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळी वाळू दिसते तिच्यात ते असतं. त्या काळ्यातून लोह काढून शुभ्र पूड करायला मोठा रासायनिक कारखाना लागतो. ती पुन्हा काळी करायला टेबलावरचा लेझर पुरतो.

रंग निवडतानाच नवशिक्याचा पहिला घोटाळा होतो. पांढरं दिसतं ते सगळं चालेल असं समजून माणूस घरातला उरलेला डिस्टेंपर, पुट्टी किंवा सरळ चुना फासतो. चुन्याचा आणि खडूचा पांढरेपणा कॅल्शियमचा असतो. कॅल्शियमची संयुगं लेझरच्या आचेनं अशी काळी पडत नाहीत, त्यामुळे तासभर यंत्र चालवून हाती भुरकट डाग येतात. डब्यावर टिटॅनियम डायऑक्साइड लिहिलेलं असेल तोच मॅट पांढरा स्प्रे घ्यावा.

टाइल आधी साबणानं धुवायची, मग थिनरच्या बोळ्यानं पुसायची. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर अक्षरात तेवढीच जागा फिकी निघते आणि तो ठसा कुणाचा हेसुद्धा ओळखता येतं. स्प्रेचा डबा वीतभर लांब धरून दोन पातळ हात मारायचे. टाइलची चमक पुरती झाकली गेली की थांबायचं. थर जाड झाला तर आच वरच्या वरच खपते, ग्लेझपर्यंत पोचत नाही, आणि पुसताना रंगाबरोबर अक्षरही फडक्यावर येतं. थर विरळ झाला तर अक्षर करडं पडतं. पावसाळ्यात रंग कोरडा वाटला तरी आतून ओला असतो. त्या दिवसांत रात्रभर ठेवलेला बरा. वरचे आकडे हिशोबापुरते; तुमच्या यंत्रासाठी वेग आणि ताकद यांचे आकडे मी मुद्दाम देत नाही, कारण यंत्रागणिक ते बदलतात. मिस्त्रीकडे फुटक्या टाइल्सचा ढीग असतो. त्यातला एक तुकडा आणा, त्यावर चौकटी आखा, आडव्या रांगेत वेग आणि उभ्या रांगेत ताकद बदलत न्या. कोणती चौकट सगळ्यात काळी आणि पुसल्यावरही शाबूत, ते तुकडाच सांगेल.

यंत्र घेताना एक फरक ध्यानात ठेवा. कार्बन डायऑक्साइड लेझर ही वेगळी जात आहे, आणि तिचा जनक आपल्या बारामतीत जन्मलेला. चंद्र कुमार नारणभाई पटेल, जन्म १९३८, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ मध्ये पदवी, मग स्टॅनफर्ड आणि अमेरिकेतली बेल लॅब्स. अमेरिकी शास्त्रज्ञ मेमननं १९६० मध्ये माणकाचा पहिला लेझर पेटवला, त्यानंतर चारच वर्षांत पटेलांनी कार्बन डायऑक्साइड वायूतून अखंड चालणारा, दणकट लेझर उभा केला. ॲक्रिलिक कापणारी, चामड्यावर आणि लाकडावर कोरणारी किती तरी यंत्रं आज त्याच तत्त्वावर चालतात. लेझरचा इतिहास सांगताना आपण हे नाव गाळतो, याचं मला नेहमी नवल वाटतं.

पटेलांच्या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. हा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, आणि काच तो परत फेकत नाही, वरच्या वर पिऊन टाकते. म्हणून ग्लेझवर तो रंगाशिवायही खूण करतो: बारीक बारीक तडे जाऊन जागा धुरकट होते. काळ्या टाइलवर ती छान उठून दिसते, पांढऱ्यावर जवळजवळ दिसतच नाही. तिथे खुणेत रंग भरून पुसावा लागतो. ताकद थोडी जास्त झाली की ग्लेझचे टवके उडतात. त्यातून या लेझरची काचेची नळी पाण्यानं थंड ठेवावी लागते, आणि मे महिन्यात आपल्याकडे बादलीतलं पाणीच तापलेलं असतं. चिलर घेण्याची तयारी नसेल तर नुसत्या टाइलसाठी डायोड बरा.

आता वेळेचं गणित. रेघेपासून रेघ ०.१ मिलिमीटरवर धरली तर आठ बाय बाराची पूर्ण टाइल भरायला २००० रेघा लागतात, प्रत्येक ३०० मिलिमीटरची. म्हणजे ६०० मीटरचा प्रवास. मिनिटाला २००० मिलिमीटरनं तो पाच तासांचा होतो, वळणांचा वेळ वेगळा. मध्येच लाइट गेली की यंत्र आपली जागा विसरतं, आणि पुन्हा सुरू केल्यावर केसभर सरकलेली रेघ फोटोतल्या चेहऱ्यावर लगेच दिसते. इन्व्हर्टर नसेल तर फोटोच्या नादी लागू नये. पाटीवर ‘जय सेवा’ हे गोंडी अभिवादन आणि खाली घराचं नाव एवढंच घ्या. पुष्कळ जागा मोकळी राहते आणि काम किती तरी लवकर उरकतं.

अक्षरांची एक खोड मात्र आहे. लेझरची सॉफ्टवेअरं देवनागरी नीट जुळवतीलच असं नाही. पहिली वेलांटी अक्षराच्या मागे जाऊन बसते, जोडाक्षर फुटून पाय मोडतो. मजकूर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोड फाँटनं लिहून त्याचं ‘पाथ’मध्ये रूपांतर करा. मग ती अक्षरं न राहता नुसते आकार होतात आणि यंत्राला बिघडवायला काही उरत नाही.

चित्रच हवं असेल तर माझं मत गोंड शैलीच्या बाजूनं आहे. या शैलीचे चित्रकार जनगढ सिंह श्याम यांनी हरणांची आणि झाडांची अंगं ठिपक्यांनी आणि बारीक रेघांनी भरली. लेझरलाही हवा तसा करडा रंग काढता येत नाही, तोही ठिपके दाट-विरळ करूनच छटा दाखवतो. फोटोत हे ठिपके लपवावे लागतात, इथे तेच चित्राचं अंग होतात. पण एखाद्या कलावंताचं चित्र इंटरनेटवरून उचलून टाइलवर छापायचं आणि माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेत विकायला मांडायचं, हे करू नका. चित्र ज्याचं त्याची परवानगी लागते, आणि मध्य प्रदेशच्या गोंड चित्रकलेला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. चित्र काढणाऱ्या माणसाशी आधी बोला, प्रत्येक टाइलमागे त्याचं किती ते ठरवा, आणि टाइलच्या कोपऱ्यात त्याची सही घ्या.

राहिली डोळ्यांची गोष्ट. लाकूड प्रकाश विखरून टाकतं, टाइल मात्र आरशासारखी उलटवते. रंग नीट न बसलेल्या कोपऱ्यावरून परतलेला किरण खोलीत कुठेही जाऊ शकतो, आणि निळा लेझर थेट डोळ्याच्या आतल्या पडद्यावर घाव करतो. डोळा मिटेपर्यंत इजा झालेली असते. यंत्रासोबत फुकट येणाऱ्या चष्म्यावर भरवसा ठेवू नका. काचेवर ४५० नॅनोमीटर आणि ‘ओडी’चा, म्हणजे प्रकाश किती अडतो त्याचा, आकडा छापलेला असेल तोच चष्मा घ्या. यंत्रावर झाकण बसवा आणि जळणाऱ्या रंगाचा धूर खिडकीबाहेर नेणारा पंखा लावा. यंत्र सुरू झालं की शेजारपाजारची पोरं बघायला दारात जमतात. काम संपेपर्यंत दार आतून लावून घ्या आणि पुसायला थिनर हातात घ्याल तेव्हा त्यांना बोलवा.